कुमारांचा कान

बेळगावहून रेल्वेने मिरजेकडे निघाले की थोड्याच वेळात सुळेभावी हे लहानसे स्टेशन लागते. पॅसेंजर थांबते, चार माणसे उतरतात, चार चढतात आणि गाडी पुढे जाते. या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ या मुलाचा जन्म झाला, हे डब्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. ज्यांना ठाऊक असते त्यांची चर्चा मात्र ठरलेली असते. आमच्या भागात कुमार गंधर्वांचे नाव निघाले की पाच मिनिटांच्या आत प्रश्न येतो, ‘ते कानडी की मराठी?’ जन्म कानडी लिंगायत घरातला, मातृभाषा कन्नड, म्हणून एक जण म्हणतो, ते आमचे. विद्या मुंबईत देवधर मास्तरांकडे झाली, मित्रमंडळी मराठी, नाट्यपदे आणि भावगीते मराठीत गायिली, म्हणून दुसरा म्हणतो, ते आपले. अशा वेळी एखादा इंदूरकर पाहुणा घरात असला तर तो पानाला चुना लावता लावता हसतो आणि म्हणतो, ‘अहो, चव्वेचाळीस वर्षे ते आमच्या देवासला राहिले आणि तिथेच गेले. तुम्ही दोघे कशाला भांडता?’

या वादात मीही पुष्कळ वर्षे हिरिरीने भाग घेतला आहे. कोणत्या बाजूने, ते सांगत नाही. वाचकांनी ओळखले असेलच. कुमारांची जन्मशताब्दी २०२४ मध्ये पुरी झाली. त्या निमित्ताने घरातल्या जुन्या ध्वनिफिती बाहेर काढल्या. काहींना बुरशी चढली होती, काहींची फीत गुंडाळून बसली होती. ज्या वाजल्या त्या दोन महिने रोज रात्री ऐकल्या. त्या ऐकताना एक गोष्ट मनात ठसली, तीच या लेखात मांडायची आहे. हा माणूस कोणाचा, हे ठरवण्यात आम्ही जेवढी वर्षे घालवली, तेवढी वर्षे त्याने दुसऱ्यांचे ऐकण्यात घालवली होती. कुमारांच्या गळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या कानाविषयी लिहायचे आहे.

•

कुमारांची एक गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेपासून सत्कारसमारंभापर्यंत सगळीकडे सांगितली जाते. सात-आठ वर्षांचा मुलगा अचानक गाऊ लागतो. एक स्वामी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी देतात. तो गावोगावी बैठका गाजवतो. ऐन तारुण्यात, लग्नाच्या वर्षीच, म्हणजे १९४७ मध्ये, त्याला क्षय होतो. डॉक्टर गाणे बंद करायला सांगतात. कोरड्या हवेसाठी तो १९४८ च्या जानेवारीत माळव्यात देवासला येतो. पत्नी भानुमती स्वतः गाणाऱ्या असूनही शाळेत नोकरी करतात, शुश्रूषा करतात आणि घर चालवतात. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नव्यानेच हाती आले होते. त्याचा गुण येतो. सुमारे पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेला हा गवई पुन्हा मैफलीत बसतो आणि पुढे चार दशके गातो.

गोष्ट खरी आहे आणि ती सांगताना वक्त्याचा गळा दाटून येतो यात नवल नाही. तरीही मला तिची भीती वाटते. या गोष्टीत गाणे उरत नाही, फक्त जिद्द उरते. श्रोत्याला वाटते, एका फुप्फुसावर इतके गायिले म्हणून हे गाणे थोर. म्हणजे दोन्ही फुप्फुसे धड असती तर कमी थोर ठरले असते की काय? आजारावर मात करणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादे तरी असते. त्यांना आपण नमस्कार करतो, पण त्यांच्यासाठी रात्रभर जागत नाही. कुमारांसाठी लोक जागले ते काही वेगळ्याच कारणाने.

या गोष्टीचीच एक शास्त्रीय वाटणारी आवृत्ती जाणकारांतही चालते. श्वास पुरत नसे, म्हणून कुमारांनी लहान लहान तुकड्यांत गायची शैली काढली, असे ती सांगते. ऐकायला हे पटते. पण ध्वनिमुद्रणे लावून नीट ऐकावे. श्वास संपल्यामुळे थांबणारा गवई वाक्याच्या शेवटी पडतो. स्वर किंचित उतरतो, आस तुटते. कुमार थांबतात ते श्वास शिल्लक असताना. त्यांच्या श्री रागातली ती कोमल ऋषभावरून पंचमाकडची जागा आठवा. ही झेप म्हणजे त्या रागाचा प्राण. दुसरा गवई ती पुनःपुन्हा घेऊन श्रोत्याच्या मनावर बिंबवील. कुमार ऋषभ लावतात आणि गप्प होतात. तंबोरे तेवढे बोलत राहतात. त्या क्षणी पंचम आपल्याच कानात वाजू लागतो. मग ते तो लावतात आणि वाटते, आपल्या मनातले यांनी ऐकले. ही थकव्याची जागा नव्हे. समोरचा काय ऐकतो आहे हे ज्याला ऐकू येते, त्याची ही जागा आहे. आणि द्रुत लयीत ज्या सळसळत्या ताना ते घेतात, त्या ऐकल्यावर दम कमी पडल्याची बात तर उरतच नाही. शरीराच्या मर्यादेने त्यांना काटकसर शिकवली असेल. पण काटकसर म्हणजे सौंदर्य नव्हे. कोठे थांबायचे हे फुप्फुस सांगत नाही, कान सांगतो.

•

हा कान मुळातच तीक्ष्ण होता. लहानपणी ध्वनिमुद्रिकेवर ऐकलेले मोठ्या गवयांचे गाणे हा मुलगा जसेच्या तसे म्हणून दाखवी आणि लोक थक्क होत. आमच्या प्रांताला त्या काळी गाण्याची चंगळ होती. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब होते, कुंदगोळला सवाई गंधर्व होते, धारवाडकडे मल्लिकार्जुन मन्सूर उदयाला येत होते. मराठी नाटक कंपन्या हुबळी-धारवाडपर्यंत मुक्काम करीत आणि कानडी घरांतली मुले मराठी पदे म्हणत. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे आपण विसरत चाललो आहोत. सीमेवरच्या मुलाच्या कानावर दोन्हीकडचे पडत असते. त्याला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

पण हुबेहूब म्हणणे म्हणजे ऐकणे नव्हे. आरसा सगळे दाखवतो. पाहत काही नाही. बारा वर्षांच्या आतबाहेरच्या या मुलाला मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांच्या हवाली केले, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत भाग्याची घटना. देवधर मास्तर विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, पण एकाच घराण्याची कडी लावून बसणारे नव्हेत. त्यांच्या संगीतविद्यालयात नाना घराण्यांच्या कलावंतांची ये-जा असे. देवधर त्यांचे ऐकत, त्यांच्याकडून चिजा घेत, त्यांच्याविषयी लिहीत. ‘थोर संगीतकार’ हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल त्यांना ही वृत्ती ठाऊक आहे. अशा घरात राहून त्या मुलाला ऐकलेल्या गाण्यापुढे ‘का?’ हा प्रश्न उभा करता आला. अमुक खाँसाहेब इथे का वळले? तमुक बाईंनी हा स्वर का टाळला? नकलाकाराचा रसिक झाला तो इथे.

आणि मग ती पाच वर्षे आली. गाणे बंद, बोलणेही बेताचे. अंथरुणावर पडलेल्या माणसाला खिडकीतून जे येईल तेच ऐकावे लागते. देवासच्या त्या घराच्या आसपास जे येत होते ते माळवी होते. दळणाकांडणाची गाणी, लग्नातली गाणी, पितृपक्षात भिंतीवर शेणाने सांजा काढणाऱ्या मुलींची गाणी, नाथपंथी जोग्यांची भजने. ही काही कुमारांसाठी म्हटली जात नव्हती. कोणासाठीच म्हटली जात नव्हती. काम चालले होते आणि सोबतीला गाणे होते.

इथे आपण मराठी माणसांनी थोडे थांबून स्वतःकडे पाहायला हवे. माळव्यात मराठी घरे काही कुमारांबरोबर आली नाहीत. होळकर इंदुरास आणि पवार देवासला येऊन तेव्हा दोन शतके उलटून गेली होती. या घरांत उत्तम गाणे होते, नाटक होते, वाचनालये होती, गणेशोत्सव होते. रजब अली खाँसाहेबांसारखा गवई देवासलाच राहत होता. पण अंगणात भांडी घासणारी बाई जे गुणगुणते त्यात काही आहे, असे किती जणांना वाटले? ते ‘त्यांचे’ होते. आपले गाणे दिवाणखान्यात होते. दोन शतके तेच सूर कानांवर पडत होते आणि कान दुसरीकडे लागलेले होते. सुळेभावीहून आलेल्या एका आजारी कानडी माणसाने पडल्या पडल्या ते ऐकले.

ऐकून त्याने काय केले, हे महत्त्वाचे. लोकगीते गोळा करणारे पुष्कळ असतात. कोणी त्यांच्या वह्या करतात, कोणी त्यांना वाद्यमेळाचे कपडे चढवून व्यासपीठावर नाचवतात. कुमारांनी त्या धुनांना गुरू केले. चार-पाच स्वरांत फिरणारी ती चाल. ती याच स्वरावर का परतते, हा स्वर असा तिरपा का लावते, असे देवधरांकडे शिकलेले प्रश्न त्यांनी दळणाऱ्या बाईच्या गाण्यापुढे ठेवले. रागाचे बीज धुनेत असते, हे शास्त्री लोक पूर्वीही म्हणत. कुमारांनी ते बीज पेरून दाखवले. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे त्यांचे नवे राग पुढे आले. त्यांतल्या काहींचे मूळ या धुनांत आहे, म्हणून त्यांना ‘धुनउगम’ असे सुंदर नाव मिळाले. १९६५ मध्ये मौज प्रकाशनाने काढलेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये हे राग आणि त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह आल्या, तेव्हा शास्त्रीय संगीताच्या पोथीत माळव्याच्या अंगणाची नोंद झाली. ‘गीतवर्षा’सारख्या त्यांच्या कार्यक्रमांत रागदारी बंदिश आणि लोकगीत शेजारी बसत. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

•

निर्गुणी भजनांविषयी लिहिताना मला नेहमी संकोच वाटतो. ती आता इतकी लोकप्रिय झाली आहेत की सकाळच्या चहाबरोबर लावली जातात. पण पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमच्या घरात कोणालाही ती आवडली नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. आमचे कान अभंगांवर पोसलेले. अभंगात समोर विठ्ठल असतो. त्याच्याशी बोलता येते, भांडता येते, रुसता येते. टाळ असतात, दिंडी असते, सोबत असते. इथे काहीच नव्हते. एक स्वर भाल्यासारखा फेकलेला, मग एकदम अर्ध्या आवाजात ओढून घेतलेला. समोर मूर्ती नाही, शेजारी वारकरी नाही. वडील म्हणाले होते, ‘हे भजन की हाक?’

हाकच होती ती. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. नाथपंथाचा वारा त्या गावात वाहतो. जोगी एकटा फिरतो, एकटा गातो. त्याला साथीला गर्दी नसते आणि त्याचे गाणे कोणाला रिझवण्यासाठी नसते. कबीराची, गोरखनाथांची पदे कुमारांनी या जोग्यांच्या तोंडून ऐकली आणि तो एकटेपणा जसाच्या तसा राखला. शास्त्रीय गवई भजन गायला बसला की बहुधा त्याला मऊ करतो, मैफलीच्या शेवटी प्रसादासारखा हातावर ठेवतो. कुमारांनी तसे केले नाही. स्वर घोटून घेतला, पण गुळगुळीत केला नाही.

इथे मला एक गोष्ट सुचते, ती माझा अंदाज म्हणूनच घ्यावी. दोन भाषांच्या जिल्ह्यात राहिल्यामुळेच ती सुचली. कुमार जन्मले ते घर लिंगायत. त्या परंपरेत बाराव्या शतकापासून वचने आहेत. अल्लमप्रभूंच्या वचनांत ‘बयलु’ हा शब्द येतो. बयलु म्हणजे मोकळे रान, आणि बयलु म्हणजे शून्यही. शरणांच्या संवादांचा जो प्रसिद्ध ग्रंथ आहे त्याचे नावच ‘शून्यसंपादने’. ज्या मुलाच्या भाषेत रानाला आणि शून्याला एकच शब्द आहे, तो पुढे माळव्याच्या पठारावर, टेकडीच्या पायथ्याशी राहतो आणि तिथल्या जोग्यांच्या निर्गुणात त्याला आपले काही ओळखीचे सापडते, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. घरून आणलेल्या शब्दाला परक्या गावात सूर मिळाला. मराठीतून त्यांच्याकडे पाहणाऱ्या आम्हाला हे दिसत नाही, कारण वचने आम्ही वाचत नाही. कन्नडमधून पाहणाऱ्यांना तांबे-अनिलांच्या कवितेतले कुमार दिसत नाहीत. दोन्ही भाषा घरात असलेल्यांनी तरी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

•

आता दुसरी बाजू. कुमारभक्ती हाही एक आजार आहे आणि तो मला होऊ नये असे वाटते.

कुमारांवर आक्षेप घेणारे सगळेच कर्मठ होते असे नाही. ज्यांनी मन्सूरांचा एखादा जोडराग एकामागून एक आवर्तनांत, वीट न वीट रचत उभा राहताना ऐकला आहे, ज्यांनी भीमसेनांचा विलंबित ख्याल तासभर चढत गेलेला अनुभवला आहे, त्यांना कुमारांच्या ख्यालात भिंती अर्धवट सोडल्यासारख्या वाटतात, आणि काही वेळा त्या तशा असतातही. वामनराव देशपांड्यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची मांडणी केली. त्या मोजपट्टीवर कुमारांना कोठे बसवायचे हा प्रश्न पडतो, कारण ते रागाची इमारत बांधत नाहीत. रागाला वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहतात. पाहणे जमले त्या दिवशी आपण आयुष्यभर विसरत नाही. न जमले त्या दिवशी नुसत्या उघड्या-मिटत्या खिडक्या राहतात. आमच्याकडच्या ध्वनिफितींत अशीही एक बैठक आहे. सुंदर जागा वीसएक आहेत, पण राग सापडत नाही. शोधणाऱ्या कलावंताला ही जोखीम चुकत नाही. दरवेळी हमखास रंगणारी मैफल हवी असेल तर दुसरीकडे जावे.

दुसरा आक्षेप त्यांच्या अनुयायांवर आहे, पण त्याचा विचार इथे केलाच पाहिजे. नक्कल करून थोर झालेला हा मुलगा पुढे सर्वांत जास्त नक्कल केला जाणारा गवई झाला. तरुण गायक तसाच स्वर फेकतात, तसेच मध्येच थांबतात, तसाच हात हवेत राहतो. पण त्या थांबण्यात काही ऐकू येत नाही. कुमारांचा गळा उचलता आला. कान उचलता येत नाही.

यावर कुमारांनी स्वतःच उत्तर देऊन ठेवले होते असे वाटते. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या त्यांच्या कार्यक्रमाचे नाव पाहा. बालगंधर्वांची नक्कल करणाऱ्यांचा महाराष्ट्रात सुकाळ होता. त्यांचे लाडिक हेल, त्यांची ती खास लकेर, सगळे तंतोतंत. कुमारांनी ते हेल बाजूला ठेवले आणि पदाच्या बांधणीत बालगंधर्वांनी तालाशी, शब्दाशी काय केले होते ते उलगडून दाखवले. नावातला ‘मला उमजलेले’ हा शब्दप्रयोग तर कोणाही समीक्षकाने टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. बालगंधर्व असे आहेत, असा दावा नाही. मला ते असे ऐकू आले, तुम्हाला कसे आले ते तुम्ही पाहा, असे म्हणणे आहे. त्यात विनय आहे आणि जबाबदारीही आहे. माळव्याची लोकगीते, ग्वाल्हेरच्या भा. रा. तांब्यांच्या कविता, तुकोबा, सूरदास, मीरा यांच्यासमोर ते याच पद्धतीने बसले. इंदूरला त्यांच्या भोवती राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, नाट्यकर्मी बाबा डिके अशी मंडळी होती. संपादक, चित्रकार, नाटकवाला आणि गवई यांनी एकमेकांचे ऐकून वाढावे, असा तो मेळ होता. आपल्या गावांत असे मेळ अजून जमतात का, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

•

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. तिच्याशिवाय हा लेख मी लिहिलाच नसता.

माझी आजी, म्हणजे आईची आई, गोकाककडची. तिला आम्ही अव्वा म्हणत असू. तिचे मराठी मोडके होते आणि आमचे कानडी त्याहून मोडके. दिवाळीच्या आधी ती महिनाभर आमच्याकडे राहायला येई. चकलीची भाजणी गिरणीत दळलेली तिला चालत नसे. पहाटे उठून ती जात्यावर बसे आणि कानडीत काहीतरी गुणगुणत दळी. चार सूर, फार तर पाच. आम्ही पांघरुणात पडून हसायचो. ‘अव्वाचे रडगाणे सुरू झाले,’ असे म्हणायचो. घरात टेपरेकॉर्डर होता. रेडिओची सुई धारवाड आणि सांगली यांच्यामध्ये फिरवून आम्ही नाट्यपदे टेप करीत असू. पंखा बंद करून, दारे लावून, कोणी शिंकू नये अशी ताकीद देऊन. एके सकाळी जात्याची घरघर फितीत आली म्हणून मी अव्वावर ओरडलो होतो. ती हसली आणि दळायची थांबली.

कुमारांची माळवी गाणी मी पुष्कळ नंतर ऐकली. एका गाण्यात सूर वर चढता चढता एका पायरीवर अडतो, किंचित मागे वळून पाहतो आणि मग खाली उतरतो. मी फीत मागे घेतली. पुन्हा ऐकली. ती पायरी माझ्या ओळखीची होती. माळवा आणि गोकाक यांत केवढे अंतर, भाषा निराळ्या, गाणे निराळे. पण दळणाऱ्या हाताचा फेरा बहुधा सगळीकडे सारखाच असावा. अव्वाला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. आमच्याकडे तीस फिती नाट्यपदांच्या होत्या. अव्वाच्या गाण्याची एकही नव्हती. म्हणजे एक होती. त्या नाट्यपदाच्या मागे, जात्याच्या घरघरीत, दहा-बारा सेकंद तिचा आवाज आहे. मग माझे ओरडणे आहे आणि मग शांतता आहे.

या शताब्दीच्या निमित्ताने ती फीत मी पुन्हा लावली. देवासच्या खिडकीत पडलेल्या माणसाला जे मिळाले ते मला माझ्या घरात, माझ्या उशाशी मिळत होते. मला ते नको होते, कारण ते आमच्या भाषेतले नव्हते आणि रेडिओवर लागत नव्हते. सौंदर्य शोधायला लांब जावे लागत नाही, हे वाक्य मी अनेक भाषणांत ऐकले होते. ते असे अंगावर येईल असे वाटले नव्हते.

गेल्या श्रावणात आईजवळ बसलो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला म्हटले, अव्वा दळताना काय म्हणायची, आठवते का? ती आधी लाजली. ‘आता कशाला ते?’ म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली, गव्हाचे ताट घेऊन निवडायला बसली आणि हात चालू झाल्यावर म्हणू लागली. एक गाणे पुरे झाले. दुसऱ्याच्या मध्यावर शब्द संपले. आई थांबली नाही. हात चालूच होते. पुढचे तिने नुसत्या सुरात म्हटले, शब्दांवाचून, शेवटपर्यंत. ती पायरी त्यात होती.

मी पंखा बंद केला नाही. ताटातल्या गव्हाचा आवाजही टेप होऊ दिला.